सर मिर्झा इस्माईल : परगावाहून आलेले कारभारी

जयपुरात नव्याने आलेल्या मराठी माणसाला पहिल्या आठवड्यातच एम. आय. रोड ठाऊक होतो. त्या दोन अक्षरांमागचे नाव मात्र कित्येकांना वर्षानुवर्षे कळत नाही. ते नाव सर मिर्झा इस्माईल यांचे; आणि तेही आपल्यासारखेच दूरदेशीहून येथे आले होते.

त्यांचा जन्म २४ ऑक्टोबर १८८३ रोजी बंगळुरात झाला. आजोबा अली अस्कर इराणातून घोड्यांच्या व्यापारानिमित्त आलेले. म्हैसूरचे महाराज कृष्णराज वडियार यांचे मिर्झासाहेब सहाध्यायी. १९२६ ते १९४१ ते त्या संस्थानाचे दिवाण होते. वृंदावन उद्यान ही त्या कारकिर्दीची खूण. एवढ्या मोठ्या राज्याचा भार शिरावर असूनही स्वतः घोड्यावरून शहराची पाहणी करावी, रस्त्यांची स्वच्छता न्याहाळावी, अशी त्यांची वृत्ती दक्ष नगराध्यक्षाची होती.

१९४२ साली महाराज सवाई मानसिंह यांनी त्यांना जयपूरच्या पंतप्रधानपदी आणले. सवाई जयसिंहांनी १७२७ मध्ये वसविलेले, विद्याधरांनी चौकड्यांत आखलेले हे नगर आता तटात मावेनासे झाले होते. जुनी आखणी न मोडता वाढीला वाट कशी द्यावी, हा खरा प्रश्न होता. मिर्झासाहेबांनी तटाच्या दक्षिणेस प्रशस्त रस्ता काढला आणि त्यापलीकडे नव्या वसाहती आखल्या, सी-स्कीम त्यांपैकीच. तटाच्या आत बाजारपेठांतील अतिक्रमणे हटवून दुकानांपुढे वरांडे बांधविले. त्यामुळे जुन्या इमारतींचे दर्शनी भाग झाकले गेले, हा जाणकारांचा आक्षेप खोटा नाही. पण मे महिन्याच्या भर दुपारी जोहरी बाजारातून चालणाऱ्याने तो घेऊ नये! २०१९ साली जागतिक वारसा म्हणून गौरविल्या गेलेल्या नगरीचे हे वरांडेही आता एक अंग झाले आहेत.

राजकारणात मात्र त्यांच्या वाट्याला निर्भेळ यश आले नाही. १९४२ च्या आंदोलनात त्यांनी प्रजामंडळाचे हिरालाल शास्त्री यांच्याशी समझोता केला. तो न रुचलेल्या कार्यकर्त्यांनी ‘आझाद मोर्चा’ काढला. तडजोडीची ही नीती काहींना मुत्सद्देगिरी वाटली, काहींना चळवळीची धार बोथट करणारी. दोन्ही मतांत तथ्य आहे. १९४५ साली येथे अखिल भारतीय लेखक परिषद भरली, तेव्हा इंग्लंडहून ई. एम. फॉर्स्टरही आले होते.

१९४६ साली मिर्झासाहेब हैदराबादला गेले. तेथे वर्षभरही त्यांचे जमले नाही. ५ जानेवारी १९५९ रोजी बंगळुरात त्यांचे निधन झाले. जयपुरात त्यांनी काढली ती अवघी चार वर्षे.