शेरीफ सेथ बुलक

सेथ बुलक ह्यांचा जन्म इ. स. १८४९ त कानडांत झाला. तरुणपणीं ते अमेरिकेंतील माँटाना प्रांतीं शेरीफ, म्हणजे आपल्याकडील फौजदारासारखे अंमलदार होते. १८७६ च्या ऑगस्टांत ते लोखंडी सामानाचें दुकान घालावयास डेडवुड गांवीं आले. ती भूमि १८६८ च्या तहानें सू लोकांची. तथापि सोन्याच्या लोभानें तेथें गर्दी लोटली होती, व कायदा कोणी मानीत नसे. पुढच्या वर्षीं बुलक ह्यांस तेथें शेरीफ नेमिलें. त्या अंमलांत त्यांनीं कोणाचा जीव घेतला नाहीं असें सांगतात. त्यांच्या करड्या नजरेपुढेंच दांडगे लोक नरम येत.

एकदां मजुरी न मिळाल्यामुळें खाणकऱ्यांनीं खाण अडवून धरिली, तेव्हां बुलक ह्यांनीं आंत जळता गंधक सोडून त्यांस बाहेर काढिलें. रक्त सांडलें नाहीं खरें. पण ज्यांची मजुरी बुडाली ते कांहीं चोर नव्हते, म्हणून ही गोष्ट लिहितांना आम्हांस संकोच वाटतो.

१८९८ च्या स्पेनशीं झालेल्या युद्धांत ते स्वयंसेवक घोडेस्वारांचे कप्तान झाले, परंतु त्यांचें पथक जॉर्जियाच्या छावणींतच राहिलें. पुढें त्यांचे स्नेही प्रेसिडेंट रूझवेल्ट ह्यांनीं त्यांस मार्शल केलें. रूझवेल्ट १९१९ च्या जानेवारींत वारले. बुलक स्वतः आजारी होते, तरी मित्रासाठीं त्यांनीं डोंगरावर दगडी मनोरा उभारविला. जुलईंत त्याचा अर्पणविधि झाला. सप्टेंबरांत तेही गेले. त्यांची कबर त्या डोंगराच्या समोर, उंच जागीं आहे.