विश्लेषण : खुर्ची न सोडता महाराष्ट्र मिळवला, मग यशवंतराव ‘कुंपणावरचे’ का ठरले?

१ मे जवळ आला की मोबाइलवर दोन प्रकारच्या पोस्ट हमखास येतात. एकीत यशवंतराव चव्हाण महाराष्ट्राचा मंगल कलश घेऊन आलेले असतात. दुसरीत प्रश्न असतो की कलश त्यांनी आणला, तर मग हुतात्मा चौकातली नावं कोणाची? ज्या माणसाने राज्य मागणाऱ्या आंदोलनाची साथ दिली नाही, तोच त्या राज्याचा पहिला मुख्यमंत्री झाला, हे कोडं ६० वर्षांनंतरही सुटलेलं नाही. तत्त्वासाठी सत्ता सोडायची की सत्तेत राहून काम साधायचं, हा वाद आज रोज टीव्हीवर चालतो. यशवंतरावांच्या आयुष्यात तो अनेकदा आला आणि प्रत्येक वेळी त्याचं उत्तर सारखं आलं नाही.

देवराष्ट्रे ते मुंबई

यशवंतरावांचा जन्म १२ मार्च १९१३चा, देवराष्ट्रे गावातला. हे गाव तेव्हा सातारा जिल्ह्यात होतं, आता सांगलीत आहे. वडील लवकर गेले, आई विठाबाईंनी मुलं वाढवली. कराडच्या टिळक हायस्कूलमध्ये शिकत असताना १९३२मध्ये झेंडा फडकवल्याबद्दल त्यांना १८ महिन्यांची शिक्षा झाली. नंतर ते काही काळ मानवेंद्रनाथ रॉय यांच्या विचारांकडे ओढले गेले. १९४२मध्ये लग्नाला जेमतेम दोन महिने झाले असताना ते भूमिगत झाले. म्हणजे ज्यांना पुढे तडजोडवादी म्हटलं गेलं, त्यांची सुरुवात तडजोडीची नव्हती. तुरुंग, भूमिगत जीवन, घरच्यांची फरफट हे सगळं त्यांनी तिशीच्या आतच पाहिलं होतं.

१९४६मध्ये ते आमदार झाले आणि संसदीय चिटणीस म्हणून मुंबईला गेले. १९५२मध्ये मोरारजी देसाईंच्या मंत्रिमंडळात पुरवठा मंत्री झाले.

फलटणला काय घडलं?

ऑक्टोबर १९५५मध्ये राज्य पुनर्रचना आयोगाचा अहवाल जाहीर झाला. आंध्रला भाषिक राज्य आधीच मिळालं होतं. मराठी आणि गुजराती माणसांना मात्र एकाच द्वैभाषिकात ठेवून विदर्भ वेगळा करावा, अशी शिफारस होती. त्यावर खल सुरू झाला आणि मुंबई शहर महाराष्ट्राला न देता वेगळं ठेवण्याचा पर्याय पुढे आला. महाराष्ट्र पेटला. २१ नोव्हेंबरला फ्लोरा फाउंटन परिसरात गोळीबार झाला. नेहरूंनी मुंबई केंद्रशासित करण्याची घोषणा केल्यावर जानेवारी १९५६मध्ये त्याहून मोठा उद्रेक झाला. या आंदोलनात शंभरावर माणसं मेली.

इथे एक गोष्ट सोयीने विसरली जाते. गोळ्या चालवणारं सरकार मोरारजींचं होतं आणि यशवंतराव त्या सरकारात मंत्री होते.

१ डिसेंबर १९५५ रोजी फलटणच्या बैठकीत त्यांनी शंकरराव देवांच्या नेतृत्वाशी फारकत घेतली. संयुक्त महाराष्ट्र आणि नेहरू यांत निवड करायची वेळ आली तर आपण नेहरूंना निवडू, अशा आशयाची भूमिका त्यांनी मांडली. मराठी मुलखात ती थप्पड मारल्यासारखी बसली. विरोधकांनी त्यांना सूर्याजी पिसाळ ठरवलं. उलट बाजूला सी. डी. देशमुख होते. केंद्रात अर्थमंत्री असलेल्या देशमुखांनी मुंबईच्या प्रश्नावर १९५६मध्ये पद सोडलं. महाराष्ट्राला दोन्ही मार्ग एकाच वर्षात पाहायला मिळाले.

त्या वेळी तरी मान देशमुखांनाच मिळाला. सत्ता मात्र यशवंतरावांना मिळाली. ऑगस्ट १९५६मध्ये संसदेने गुजरात, मुंबई, विदर्भ, मराठवाडा असं सगळं मिळून विशाल द्वैभाषिक राज्य करायचं ठरवलं. नेतेपदाच्या निवडणुकीत भाऊसाहेब हिरे यांना हरवून यशवंतराव १ नोव्हेंबर १९५६ला मुख्यमंत्री झाले. वय ४३. मराठी माणसांना नको असलेलं आणि गुजराती माणसांनाही नको असलेलं राज्य चालवायची जबाबदारी त्यांच्यावर आली.

मग खुर्चीत राहून त्यांनी केलं काय?

इथून गोष्ट खरी रंजक होते. १९५७च्या निवडणुकीत काँग्रेसला ३९६पैकी २३४ जागा मिळाल्या, पण पश्चिम महाराष्ट्रात संयुक्त महाराष्ट्र समितीने तिला झोडपून काढलं. खुद्द यशवंतराव कराडमधून थोडक्या मतांनी वाचले. सरकार उभं होतं ते गुजरात, विदर्भ आणि मराठवाड्यातल्या आमदारांवर. स्वतःच्याच मुलखाने नाकारलेला हा मुख्यमंत्री होता.

दुसऱ्या कोणी अशा वेळी पोलीस पुढे केले असते. ३० नोव्हेंबर १९५७ला प्रतापगडावर शिवाजी महाराजांच्या पुतळ्याच्या अनावरणासाठी नेहरू आले, तेव्हा समितीने वाई आणि पसरणी घाटात काळी निशाणं घेऊन हजारो माणसं उभी केली. निदर्शनं शांततेत पार पडली. नेहरूंनी तो जनसमुदाय स्वतःच्या डोळ्यांनी पाहिला. त्यामुळेच त्यांचं मन पालटू लागलं, असं मराठी राजकारणात कायम सांगितलं जातं. ते पूर्ण खरं असो वा नसो, त्या दिवशी घाटात लाठी चालली असती तर पुढची बोलणी अवघड झाली असती, एवढं नक्की.

द्वैभाषिक चालत नाही, हे समितीने सांगितलं तर दिल्लीला ती हट्टी विरोधकांची ओरड वाटत होती. तेच यशवंतरावांनी सांगितलं तेव्हा ते निष्ठेने राज्य चालवून पाहिलेल्या आपल्याच माणसाचं मत होतं. फलटणला ज्या निष्ठेपायी शिव्या खाल्ल्या, ती इथे कामी आली. १९५९मध्ये इंदिरा गांधी काँग्रेसच्या अध्यक्ष झाल्या आणि विभाजनाचा विचार पक्षातच सुरू झाला. वाटाघाटीत महाराष्ट्राने गुजरातची तूट भरून काढण्यासाठी काही वर्षं पैसे द्यायचं मान्य केलं. डांग गुजरातकडे गेला, बेळगाव-कारवार तर बाहेरच राहिलं. समितीतल्या अनेकांना हा सौदा महाग वाटला. पण मुंबईसह महाराष्ट्र १ मे १९६०ला झाला.

माझ्या मते कलशाचा वाद सोडवायचा झाला तर इतकंच म्हणता येतं की रस्त्यावरचा दाब नसता तर यशवंतरावांकडे दिल्लीला सांगण्यासारखं काही नव्हतं आणि दिल्लीच्या विश्वासातला मुख्यमंत्री नसता तर हा दाब आणखी किती वर्षं नुसता रस्त्यावरच राहिला असता, कोण जाणे. मात्र दोघांनी मोजलेली किंमत सारखी नव्हती. एका बाजूला प्राण गेले, दुसऱ्या बाजूला मुख्यमंत्रिपद आलं. हा हिशेब मनात ठेवूनच बाकीचं वाचावं.

कारण हातात आलेली सत्ता त्यांनी वापरलीही तशी. महार वतन रद्द व्हावं म्हणून डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८मध्ये मुंबई विधिमंडळात विधेयक आणलं होतं. ती गुलामी कायद्याने संपायला १९५८ उजाडलं आणि तो कायदा यशवंतरावांच्या सरकारने केला. धर्मांतरानंतर सवलती गमावलेल्या बौद्धांना नव्या राज्याने त्या परत दिल्या. १९६०मध्ये सहकारी संस्थांचा कायदा झाला, १९६१मध्ये जमिनीच्या कमाल मर्यादेचा. १ मे १९६२पासून जिल्हा परिषदा सुरू झाल्या. मुंबईतल्या मंत्र्याच्या हातातला पैसा आणि अधिकार जिल्ह्यातल्या निवडून आलेल्या माणसाकडे गेला. शेतकरी कामगार पक्षातल्या यशवंतराव मोहित्यांसारख्या नेत्यांना त्यांनी काँग्रेसमध्ये आणलं. याला ते बेरजेचं राजकारण म्हणत. या बेरजेने विरोधी पक्ष पोखरला आणि साखर कारखान्यांभोवती नवे सरदारही उभे राहिले, हे त्याचं दुसरं अंग.

हा माणूस मुळातच डळमळीत होता का?

तसं म्हणता येत नाही. चीनकडून झालेल्या नामुष्कीनंतर नोव्हेंबर १९६२मध्ये नेहरूंनी त्यांना संरक्षणमंत्री म्हणून दिल्लीला बोलावलं. १ सप्टेंबर १९६५ला पाकिस्तानी रणगाडे छांबमध्ये घुसले, तेव्हा हवाई दल वापरण्याची परवानगी त्यांनी काही मिनिटांत दिली. त्याच संध्याकाळी विमानं उडाली. युद्ध पसरण्याचा धोका होता, पण ते थांबले नाहीत.

पेच पडायचा तो पक्षाच्या राजकारणात. १९६९मध्ये राष्ट्रपतिपदाच्या उमेदवारीवरून संसदीय मंडळात मतदान झालं, तेव्हा यशवंतरावांनी इंदिरा गांधींच्या इच्छेविरुद्ध संजीव रेड्डींच्या बाजूने मत दिलं. काही महिन्यांत पक्ष फुटला, तेव्हा ते इंदिराजींसोबत राहिले. तेव्हापासून कुंपणावर बसणारे हे विशेषण चिकटलं, ते शेवटपर्यंत सुटलं नाही.

मग आला जून १९७५. आणीबाणीच्या आदेशावर राष्ट्रपतींची सही २५ तारखेच्या रात्री झाली. मंत्रिमंडळाला कळलं ते २६च्या सकाळी, म्हणजे अनेक नेते तुरुंगात पोहोचल्यावर. परराष्ट्रमंत्री यशवंतराव त्या बैठकीत होते. ते सरकारात राहिले, २१ महिने राहिले.

यावर त्यांच्या बाजूने एक युक्तिवाद होतो की राजीनाम्याने काही बदललं नसतं. असेलही. पण १९५६मध्येही देशमुखांच्या राजीनाम्याने लगेच काही बदललं नव्हतं. आणीबाणीआधी काहीच महिने मोहन धारियांना जयप्रकाश नारायण यांच्याशी बोला असं सांगितल्याबद्दल मंत्रिमंडळातून काढलं गेलं होतं आणि पुढे ते तुरुंगात गेले. दुसरा रस्ता नव्हता असं नाही.

खरा फरक मला वेगळा दिसतो. १९५६ ते १९६० या काळात यशवंतरावांनी गप्प राहून, अपमान गिळून काहीतरी नेमकं मिळवायचं ठरवलं होतं आणि ते मिळवलं. १९७५मध्ये त्या मौनातून काय मिळवायचं होतं? विनाचौकशी तुरुंगात टाकलेले लोक त्यांच्यामुळे सुटले नाहीत, वर्तमानपत्रांवरची सेन्सॉरशिप उठली नाही. सवय तीच होती, पण आता तिच्या बदल्यात हाती काहीच येत नव्हतं.

शेवटची वर्षं

पुढचं झरझर घडलं. पराभवानंतर लोकसभेत विरोधी पक्षनेतेपद. १९७८च्या फुटीत इंदिराजींच्या विरुद्ध बाजू. जुलै १९७९मध्ये मोरारजींच्या सरकारवर अविश्वासाचा ठराव त्यांनीच मांडला आणि ते सरकार गेलं. चरणसिंगांच्या सरकारात ते उपपंतप्रधान झाले, पण त्या सरकारने लोकसभेचं तोंडही पाहिलं नाही. १९८०मध्ये साताऱ्याने त्यांना पुन्हा निवडून दिलं. त्यानंतर ते इंदिरा काँग्रेसमध्ये परत गेले. एकेकाळच्या गृह, संरक्षण, अर्थ आणि परराष्ट्र मंत्र्याला दिल्लीने आठव्या वित्त आयोगाचं अध्यक्षपद दिलं, मंत्रिपद नाही. १९८३च्या जूनमध्ये वेणूताई गेल्या. २५ नोव्हेंबर १९८४ला यशवंतराव गेले.

‘कृष्णाकाठ’ हे त्यांचं आत्मचरित्र त्याच वर्षी आलं. तुरुंग, भूमिगत दिवस, आईची आठवण, रॉय यांच्याशी झालेला वैचारिक झगडा, सगळं त्यात मोकळेपणाने आहे. पण पुस्तक १९४६मध्ये थांबतं, संसदीय चिटणीस होण्यासाठी ते मुंबईला निघतात तिथे. मुंबई आणि दिल्लीवरचे पुढचे भाग लिहायचे त्यांच्या मनात होतं. फलटण, प्रतापगड आणि २६ जूनची ती सकाळ त्या न लिहिलेल्या भागांमध्ये राहिली.