अठ्ठावन्नाव्या वर्षी विद्यापीठ



पेन्शन सुरू झाली की आपले काम संपले, असे मानणारे एखादे वडीलधारे तुमच्याही घरात असतील. त्यांना महर्षी धोंडो केशव कर्वे यांची ही हकीकत जरूर वाचून दाखवा.

जन्म 1858 चा, बालपण कोकणातल्या मुरूडचे. 1875 साली सहावीच्या सरकारी परीक्षेसाठी हा मुलगा कुंभार्ली घाटातून 110 मैल चालत साताऱ्याला गेला. लोहाऱ्याहून पायी नागपूर गाठावे, त्याहून थोडे जास्तच म्हणा! वयाच्या मानाने लहान दिसतो म्हणून तिथे त्याला परीक्षेलाच बसू दिले नाही. पुढे तो बी.ए. झाला आणि 1891 साली फर्ग्युसन कॉलेजात गणित शिकवू लागला.

त्याच वर्षी पहिली पत्नी वारली. 1893 साली कर्व्यांनी विधवा गोदूबाईंशी, म्हणजे पुढच्या आनंदीबाईंशी, विवाह केला. मुरूडकरांनी बहिष्कार घातला. 1896 साली त्यांनी विधवांसाठी आश्रम काढला, तो 1900 मध्ये हिंगण्याच्या झोपडीत गेला. दिवसा कॉलेज, संध्याकाळी पायी हिंगणे. शिल्लकही आश्रमाला गेली. संसाराची ओढाताण आनंदीबाईंनी सोसली. त्यांच्यावर हा अन्यायच झाला, असे मला वाटते.

एरिक एरिक्सन या मानसशास्त्रज्ञाने 1950 साली माणसाच्या आयुष्याचे आठ टप्पे मांडले. त्याच्या मते व्यक्तिमत्त्व बालपणीच पुरे होत नाही. मध्यम वयात माणूस पुढच्या पिढीसाठी झटतो, नाहीतर साचून राहतो. म्हातारपणी गेलेल्या आयुष्याकडे समाधानाने पाहतो, नाहीतर हळहळतो.

कर्वे 1914 साली निवृत्त झाले. दोन वर्षांनी, 58 व्या वर्षी, त्यांनी महिला विद्यापीठ सुरू केले. विद्यार्थिनी किती? फक्त पाच. (सर सय्यद अहमद खान यांनीही अलीगढची शाळा 1875 साली सुरू केली, तेव्हा ते 57 वर्षांचे होते.) 1920 साली सर विठ्ठलदास ठाकरसी यांनी विद्यापीठाला 15 लाखांची देणगी दिली. आता तरी स्वस्थ बसावे! पण 71 व्या वर्षी हे गृहस्थ जगप्रवासाला निघाले. 1936 साली, 78 व्या वर्षी, ज्या खेड्यांत शाळा नव्हती तिथे प्राथमिक शाळा काढण्यासाठी त्यांनी मंडळ स्थापले आणि पुण्यात दारोदार फिरून वर्गणी जमवली. 1944 साली जातिभेदाविरुद्ध समता संघ काढला, तेव्हा ते 86 वर्षांचे होते.

भारतरत्न मिळाले ते 1958 साली, शंभराव्या वर्षी. त्यानंतरही ते चार वर्षे जगले.