मांजरीच्या मळ्याचे मालक

जमिनीचे व्यवहार करणारा, बांधकामांचे ठेके घेणारा आणि नगरपालिकेत बसणारा माणूस म्हटला, की आपल्या डोळ्यांसमोर एक ठरावीक चित्र उभे राहते. पांढरी मोटार, गळ्यात सोन्याची साखळी, चौकाचौकात वाढदिवसाचे फलक आणि अलीकडे त्यात रविवार सकाळच्या गोल्फचीही भर पडली आहे. आमच्या हडपसरला हे चित्र पाहायला फार लांब जावे लागत नाही. पण याच सोलापूर रस्त्याच्या बाजूला, सव्वाशे-दीडशे वर्षांपूर्वी, शेतजमीन राखणारा, सरकारी बांधकामांचे ठेके घेणारा आणि पुणे नगरपालिकेत सभासद म्हणून बसणारा एक गृहस्थ होऊन गेला. खेळाचा नाद त्यालाही होता; मात्र तो होता लहुजी वस्तादांच्या तालमीतला, दांडपट्ट्याचा आणि नेमबाजीचा. त्या गृहस्थाचे नाव जोतीराव गोविंदराव फुले.

वाचक क्षणभर थबकतील. महात्मा फुले आणि ठेकेदार? शाळेच्या भिंतीवरच्या तसबिरीतले पागोटे आपल्याला ठाऊक असते, भिडे वाड्यातली मुलींची शाळा ठाऊक असते. पण या माणसाचे घर चालत होते कशावर, हा प्रश्न आपण सहसा विचारत नाही. खुद्द जोतीरावांना मात्र आपल्या धंद्याचा संकोच नव्हता. १९ ऑक्टोबर १८८२ रोजी त्यांनी हंटर शिक्षण आयोगापुढे आपले प्रसिद्ध निवेदन दिले. त्यात त्यांची ओळख व्यापारी, शेतकरी आणि म्युनिसिपल कमिशनर अशी दिलेली आहे. पत्ता, पेठ जुनागंज. मला ही तीन शब्दांची ओळख फार मोलाची वाटते. जोतीरावांचे मोठेपण पुस्तकांतून समजते हे खरेच. पण त्या मोठेपणाला पायावर उभे ठेवले ते त्यांच्या धंद्याने.

फुलांच्या दुकानापासून

घराणे मूळचे सातारा जिल्ह्यातल्या कटगुणचे, आडनाव गोऱ्हे. आजोबा शेटीबा पुरंदरातल्या खानवडीमार्गे पुण्यात आले. त्यांच्या मुलांनी फुलांच्या धंद्यात नाव काढले, पेशव्यांच्या वाड्यावर फुले पुरवली आणि धंद्यावरून फुले हे आडनाव चिकटले. पेशव्यांकडून ३५ एकर जमीन इनाम मिळाली. ती थोरले काका राणोजी यांनी एकट्याच्या ताब्यात ठेवली आणि जोतीरावांचे वडील गोविंदराव भाजीपाला व फुलांच्या दुकानावर प्रपंच चालवत राहिले. जमीन कष्टाने मिळते आणि कागदाने जाते, हा धडा या घरात जोतीरावांच्या जन्माआधीच गिरवून झाला होता.

जोतीराव जन्मले ११ एप्रिल १८२७ रोजी. आई चिमणाबाई लवकर गेल्या, सगुणाबाईंनी मूल वाढवले. मध्ये शाळा सुटली, पोरगा मळ्यात राबू लागला. पुढे १८४१ पासून स्कॉटिश मिशनच्या शाळेत इंग्रजी शिक्षण झाले. त्या काळी एवढे इंग्रजी येणाऱ्या तरुणाला सरकारी नोकरीचे दार उघडे असे. जोतीरावांनी ती वाट धरली नाही. १८४८ मध्ये मुलींची शाळा काढली, १८४९ मध्ये त्यापायी सावित्रीबाईंसह वडिलांचे घर सोडावे लागले. उस्मान शेख यांनी आसरा दिला. पुढे १८५२ मध्ये विश्रामबागवाड्यात सरकारने शाल देऊन सत्कार केला. पण शालीवर चूल पेटत नाही. काही काळ मिशनच्या शाळेत अर्धवेळ शिकवून झाल्यावर जोतीराव धंद्याकडे वळले.

१८६३ च्या सुमारास त्यांनी धातूच्या ओतकामाला लागणाऱ्या साहित्याचा व्यापार सुरू केला. त्याच वर्षी त्यांनी फसवल्या गेलेल्या विधवांसाठी बालहत्या प्रतिबंधक गृह उघडले. एका हाताने दुकान, दुसऱ्या हाताने हे गृह. तिथे येणाऱ्या बायकांची बाळंतपणे, लेकरांचे दूध, कपडे, औषध हा खर्च कोण देणार होते? ज्या समाजाने त्या बायकांना दारे लावून घेतली होती, तो समाज वर्गणी देईल ही आशा व्यर्थ होती. जोतीरावांची मिळकत आणि सावित्रीबाईंची काटकसर, यांवरच ते घर चालले.

ठेकेदारीची शाळा

ते दिवस पुण्याच्या आसपास मोठमोठ्या बांधकामांचे होते. लष्कराला रस्ते हवे होते, शहराला पाणी हवे होते, दुष्काळी भागाला कालवे हवे होते. दगड, चुना, खडी आणि मजूर पुरवणाऱ्यांना काम होते. पुणे कमर्शियल अँड कॉन्ट्रॅक्टिंग कंपनी या नावाने जोतीराव आणि त्यांचे सोबती या धंद्यात उतरले. कात्रजचा बोगदा, येरवड्याची बांधकामे, खडकवासल्याचे धरण अशा कामांशी त्यांचे नाव जोडलेले आहे.

या धंद्याने त्यांना पैसा दिला, तशी माणसेही दिली. मुंबईत तेलुगू भाषक ठेकेदारांची मोठी वस्ती होती. व्यंकू बाळोजी काळेवार, जाया कराडी लिंगू, रामय्या व्यंकय्या अय्यावारू अशी मंडळी बांधकामांतून वर आलेली होती. २४ सप्टेंबर १८७३ रोजी सत्यशोधक समाज स्थापन झाला, तेव्हा या ठेकेदारांनी त्याला हात दिला, छापखान्यासाठी पैसा उभा केला. कृष्णराव भालेकरांनी १८७७ मध्ये ‘दीनबंधु’ पत्र काढले. नारायण मेघाजी लोखंडे यांनी पुढे ते मुंबईहून चालवले आणि गिरणी कामगारांची संघटना बांधून १८९० मध्ये त्यांना रविवारची सुटी मिळवून दिली. आज आपण ही पुरवणी चहाच्या कपासोबत निवांत वाचतो, त्या निवांतपणाचे थोडे देणे या मंडळींकडे जाते.

ठेकेदारीने जोतीरावांना आणखी एक गोष्ट शिकवली, सरकारी खाते आतून कसे चालते ती. मजुराच्या हातात ठरलेला दाम पूर्ण पडतो का, मधले कारकून आपला वाटा कसा काढतात, गोरा साहेब कागदावर सही करताना काय पाहतो आणि काय पाहत नाही, हे त्यांनी कामावर उभे राहून पाहिले. इंजिनिअर खात्यातल्या या कारभारावर त्यांनी पोवाडाच रचला. बिले अडकवण्याची ताकद ज्यांच्या हातात, त्यांच्यावरच पोवाडा! धंद्याच्या हिशेबाने हा शुद्ध तोट्याचा सौदा होता.

पाटाचे पाणी

खडकवासल्याचे धरण १८७९ च्या सुमारास पुरे झाले. मुठेचा उजवा कालवा पुणे शहर ओलांडून हडपसरवरून दौंडच्या दिशेने निघाला. आमच्याकडची जुनी माणसे त्याला पाटच म्हणत. आज त्याच्या दोन्ही कडांना इमारती आहेत. पण हडपसर, मुंढवा, मांजरी हा सगळा पट्टा बागायती झाला तो या पाण्याने. सुरुवातीला मात्र शेतकरी पाणी घ्यायला कचरत होते. नवे पाणी, नवी पट्टी, आणि सरकार दारात आले की काहीतरी घेऊनच जाते हा पिढ्यान्‌पिढ्यांचा अनुभव.

जोतीरावांची मांजरीला साठेक एकर जमीन होती. त्यांनी तिथे पाटाच्या पाण्यावर बागायत केली, ऊस, भाजीपाला, फळझाडे लावली. शेजाऱ्याने पाहावे, हिशेब मांडावा आणि मग ठरवावे, अशी ही शिकवण. शेतकऱ्याला व्याख्यानापेक्षा बांधापलीकडचे पीक लवकर पटते, हे माळ्याच्या मुलाला सांगावे लागत नव्हते.

‘शेतकऱ्याचा असूड’ हे पुस्तक त्यांनी १८८३ मध्ये पुरे केले. ते वाचताना मला नेहमी मांजरीचा मळा दिसतो. डोंगरउतारावर ताली-बंधारे घालून गाळ शेतात मुरवावा, त्यासाठी रिकाम्या बसलेल्या पलटणींना कामाला लावावे, शेतकऱ्यांच्या मुलांना शेतीचे शिक्षण द्यावे, उत्तम पिकांची प्रदर्शने भरवून बक्षिसे द्यावीत, अशा सूचना तिथे आहेत. कालव्याच्या पाण्याबद्दल तर ते मीटरच्या जवळ जातात. पट्टी घ्यायची आणि पाणी वेळेवर द्यायचे नाही, हे थांबवून जमिनीच्या मानाने प्रत्येकाला तोटी बसवून द्यावी, म्हणजे कोणी जास्त ओढणार नाही आणि कोणी कोरडा राहणार नाही. धरणाला माल पुरवलेला, पाटाची पट्टी भरलेला आणि उसाला पाणी दिलेला माणूसच असे लिहू शकतो. शेवटच्या शेतापर्यंत पाणी पोचवण्याचा तो प्रश्न महाराष्ट्रात अजून सुटलेला नाही.

नगरपालिकेतले एक मत

१८७६ मध्ये सरकारने जोतीरावांना पुणे नगरपालिकेवर नेमले. १८८३ पर्यंत ते सभासद होते. तेव्हा लोकांनी निवडून देण्याची पद्धत नव्हती. सरकारने नेमलेल्या माणसाने सरकारची मर्जी राखावी, एवढीच अपेक्षा. त्यात हा माणूस सरकारी ठेकेदार. म्हणजे मर्जी राखण्याची दोन-दोन कारणे.

लॉर्ड लिटन १८७६ ते १८८० या काळात व्हाइसरॉय होते. त्यांच्या पुणे भेटीसाठी शहर सजवायचे म्हणून नगरपालिकेत एक हजार रुपयांच्या खर्चाचा ठराव आला. जोतीरावांचे म्हणणे असे पडले, की हा पैसा गरिबांच्या शिक्षणावर खर्च करावा. मतदान झाले तेव्हा ३२ नियुक्त सभासदांत विरोधी मत एकच पडले, त्यांचे. ठराव अर्थातच मंजूर झाला. १८८० मध्ये शहरात दारूची दुकाने वाढू लागली, तेव्हाही त्यांनी व्यवस्थापक समितीला पत्र लिहून हरकत घेतली. दारूपासून सरकारला महसूल मिळतो आणि गरिबाच्या घरात भांडी विकली जातात, हा हिशेब त्यांना मान्य नव्हता.

त्यानंतर मंडईचा प्रश्न आला. भाजीबाजारासाठी लाखो रुपयांची भव्य इमारत बांधायचा बेत झाला. हरी रावजी चिपळूणकर आणि जोतीराव यांनी त्याला विरोध केला. इथे थोडे थांबावे. जोतीराव जन्माने माळी, धंद्याने भाजीपाल्याशी जोडलेले, पेशाने बांधकामाचे ठेकेदार. नवी मंडई झाली तर फायदा अशांचाच. तरीही शाळांना पैसा नसताना एवढी इमारत कशाला, ही त्यांची भूमिका होती. इमारत झालीच. १८८६ मध्ये ती रे मार्केट या नावाने सुरू झाली. पुढे १९३८ मध्ये आचार्य अत्र्यांच्या पुढाकाराने तिला नाव मिळाले महात्मा फुले मंडई. ज्या इमारतीला त्यांनी विरोध केला, तिच्यावरच त्यांचे नाव आहे. पुण्यात भाजी घेताना हा इतिहास किती जणांना आठवतो?

सभासद आणि ठेकेदार ही दोन्ही माणसे एकाच अंगरख्यात असली, की काय होते हे आपण रोज वर्तमानपत्रात वाचतो. जोतीरावांच्या बाबतीत ठेकेदार सभासदाला विकत घेऊ शकला नाही. माझ्या मते याचे कारण साधे आहे. पैसा त्यांना कशासाठी हवा, हे आधीच ठरलेले होते.

पैसा गेला कुठे?

१८७७ च्या दुष्काळात धनकवडीला उपाशी मुलांसाठी अन्नछत्र उघडले गेले, त्यामागे जोतीराव आणि त्यांचा समाज होता. १८८२ मध्ये टिळक-आगरकरांवर कोल्हापूर प्रकरणी खटला झाला. मतांचे अंतर केवढे तरी! पण जामिनाची वेळ आली तेव्हा जोतीरावांनी शब्द टाकला आणि त्यांचे स्नेही रामशेठ उरवणे यांनी दहा हजारांचा जामीन दिला. बाजारात पत असणे म्हणजे काय, ते अशा वेळी कळते.

१८८८ च्या मे महिन्यात मुंबईच्या सभेत त्यांना महात्मा ही पदवी मिळाली आणि जुलैत पक्षाघाताने उजवे अंग गेले. डॉ. विश्राम रामजी घोले यांनी उपचार केले. जोतीरावांनी डाव्या हाताने ‘सार्वजनिक सत्यधर्म’ लिहून काढले. धंदा मात्र थांबला होता आणि शिल्लक उरली नव्हती. मामा परमानंदांना या कुटुंबासाठी सयाजीराव महाराजांकडे मदतीचा शब्द टाकावा लागला. २८ नोव्हेंबर १८९० रोजी जोतीराव गेले. अंत्ययात्रेत टिटवे सावित्रीबाईंनी धरले.

फुले कुटुंबाच्या कथेचे पुढचे पान आमच्या हडपसरात आहे. दत्तक मुलगा यशवंत याचे लग्न १८८९ मध्ये हडपसरच्या ज्ञानोबा ससाणे यांच्या मुलीशी सत्यशोधक पद्धतीने झाले होते. यशवंत डॉक्टर झाला. १८९७ मध्ये पुण्यात प्लेग आला, घरे ओस पडली, आजारी माणसाला सख्खी माणसे शिवेनात. तेव्हा यशवंताने हडपसरच्या ससाणे मळ्यात दवाखाना उघडला आणि साठी ओलांडलेल्या सावित्रीबाई रोगी आणून पोचवू लागल्या. मुंढव्याच्या गावकुसाबाहेरच्या वस्तीतला एक मुलगा त्यांनी पाठीवर घालून आणला. मुलगा वाचला. सावित्रीबाईंना प्लेगने गाठले. १० मार्च १८९७ रोजी त्या गेल्या. १९०५ मध्ये यशवंतही प्लेगनेच गेला.

हडपसरला आज जगभर लस पाठवणारा कारखाना आहे, शेतकरी कुटुंबांनी एकत्र येऊन आपल्याच जमिनीवर उभारलेली मगरपट्ट्याची वसाहत आहे, मांजरीला ऊस आणि द्राक्षे यांच्या संशोधन संस्था आहेत. यातले कशावरही जोतीरावांची मालकी नाही. साठ एकरांचा मळा, ठेकेदारीची कंपनी, नगरपालिकेतली खुर्ची, एवढे सगळे असलेल्या माणसाने मुलासाठी इस्टेट ठेवली नाही. आणि त्या मुलाने वारशात काय मिळाले याची तक्रार न करता मळ्यात प्लेगचा दवाखाना टाकला. जमिनीचा भाव विचारणारी माणसे आमच्याकडे रोज येतात. त्यांना ससाणे मळ्याचा हा भावही कुणीतरी सांगायला हवा.