याकोब ग्रिम आणि लोककथेचा प्रकारविचार

लोककथांचे दैवतकथा, दंतकथा आणि अद्भुतकथा असे त्रिविध वर्गीकरण आज अभ्यासक्रमांत रूढ झाले आहे. या वर्गीकरणाच्या मुळाशी ज्यांचे चिंतन आहे, ते याकोब ग्रिम (१७८५-१८६३) सामान्य वाचकाला मात्र बालकथांचे संकलक म्हणूनच परिचित आहेत. वस्तुतः कायदा, भाषा, दैवतविद्या आणि कथा या चारही क्षेत्रांत त्यांनी एकाच प्रश्नाचा पाठपुरावा केला. लोकस्मृती कोणकोणत्या रूपांत टिकून राहते आणि ती रूपे परस्परांपासून वेगळी कशी ओळखावीत, हा तो प्रश्न होय.

याकोब यांचा जन्म ४ जानेवारी १७८५ रोजी जर्मनीतील हानाउ येथे झाला. धाकटे बंधू विल्हेल्म १७८६ मध्ये जन्मले. वडील न्यायखात्यातील अधिकारी होते. १७९६ मध्ये त्यांचे निधन झाले आणि वयाच्या अकराव्या वर्षीच ज्येष्ठ पुत्र या नात्याने कुटुंबाची चिंता याकोब यांच्यावर आली. १८०२ मध्ये ते कायद्याच्या शिक्षणासाठी मारबुर्ग विद्यापीठात दाखल झाले. तेथे त्यांना झाविन्यी हे गुरू लाभले. कायदा हा राजाज्ञेतून नव्हे, तर समाजाच्या दीर्घ परंपरेतून घडतो, ही झाविन्यी यांची भूमिका होती. जुन्या दस्तऐवजांची छाननी करण्याची शिस्तही याकोब यांनी त्यांच्याकडूनच घेतली. १८०५ मध्ये गुरूंच्या संशोधनात साहाय्य करण्यासाठी ते पॅरिसला गेले. कायद्याबाबतची ही दृष्टी पुढे त्यांनी कथेला लावली.

१८०६ मध्ये कासेल फ्रेंचांच्या ताब्यात गेले. १८०८ मध्ये मातृवियोग झाला आणि भावंडांच्या पालनपोषणासाठी याकोब यांनी नेपोलियनचा भाऊ जेरोम याच्या दरबारी ग्रंथपालाची नोकरी पत्करली. याच काळात दोघे बंधू कथा टिपून घेत होते. १८१२ मध्ये त्यांच्या संग्रहाचा पहिला खंड ८६ कथांसह, तर १८१५ मध्ये दुसरा खंड ७० कथांसह प्रसिद्ध झाला. या कथा त्यांनी खेड्यापाड्यांत हिंडून जमविल्या, हा समज बराच काळ टिकला. पण तो वस्तुस्थितीला धरून नाही. सांगणाऱ्यांपैकी अनेकजणी कासेलमधील सुशिक्षित मध्यमवर्गीय घरांतील तरुण मुली होत्या. दुसऱ्या खंडातील महत्त्वाच्या निवेदक डोरोथेआ फीमान या शिंप्याच्या पत्नी असून फ्रान्समधून आलेल्या प्रॉटेस्टंट घराण्याच्या वंशज होत्या. पेरो यांच्या फ्रेंच कथांशी फार जवळचे नाते आढळल्यामुळे काही कथा दुसऱ्या आवृत्तीतून वगळाव्या लागल्या. शुद्ध जर्मन म्हणून जे शोधले जात होते, ते अशा रीतीने पहिल्यापासूनच संमिश्र होते.

१८१६ आणि १८१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जर्मन दंतकथांच्या दोन खंडांत मिळून ५८५ कथा आहेत. प्रकारविचाराच्या दृष्टीने यातील पहिल्या खंडाची प्रस्तावना मूलगामी ठरते. अद्भुतकथा अधिक काव्यात्म, तर दंतकथा अधिक ऐतिहासिक असते, हे तिचे मध्यवर्ती प्रतिपादन होय. अद्भुतकथेला स्थळकाळाचे बंधन नसते. तिचा राजा कोणत्याही देशाचा असू शकतो आणि तिची पूर्णता तिच्या स्वतःच्या रचनेत असते. दंतकथा मात्र एखाद्या डोंगराला, वाड्याला किंवा ऐतिहासिक नावाला चिकटून राहते. हामेलन गावातून नाहीशी झालेली मुले किंवा कीफहॉयझर डोंगराच्या पोटात निद्रिस्त असलेला सम्राट बार्बारोसा यांच्या कथा त्या स्थळांपासून तोडल्या, की त्यांचा अर्थच क्षीण होतो. अद्भुतकथेत चमत्कार हा सहज व्यवहार असतो. दंतकथेत तो विश्वासाचा आणि भयाचा विषय असतो. म्हणजे भेद केवळ विषयाचा नाही, तर श्रोता कथेशी कोणते नाते जोडतो याचा आहे.

व्हिएन्नाच्या परिषदेत राजनैतिक कामानिमित्त उपस्थित असताना, १८१५ मध्ये, याकोब यांनी लोकपरंपरांच्या संकलनासाठी एक परिपत्रक काढले. गीते, कथा, सण, चालीरीती, म्हणी यांची नोंद कोणतीही सजावट न करता आणि स्थळाच्या उल्लेखासह व्हावी, अशी त्यात अपेक्षा होती. प्रत्यक्षात त्यांच्याच कथासंग्रहाच्या उत्तरकालीन आवृत्त्यांवर मुख्यतः विल्हेल्म यांनी संस्करण केले. १८५७ च्या अखेरच्या आवृत्तीपर्यंत कथांची भाषा पुष्कळ घोटीव झाली. त्या आवृत्तीत धार्मिक आशयाच्या दहा बालकथा मुख्य कथांपासून स्वतंत्र ठेवल्या आहेत, हेही प्रकारभेदाच्या दृष्टीने लक्षणीय आहे.

पुढे व्याकरणग्रंथातून ध्वनिपरिवर्तनाचा सुप्रसिद्ध नियम त्यांनी मांडला. १८३४ मध्ये कोल्ह्याच्या कथाचक्रावरील ग्रंथ आणि १८३५ मध्ये जर्मन दैवतविद्येवरील ग्रंथ प्रसिद्ध झाला. प्राणिकथा ही बोधकथेहून मुळात वेगळी असून उपदेश हा तिचा प्राण नव्हे, असे पहिल्या ग्रंथाचे सूत्र आहे. दुसऱ्यात मात्र त्यांनी स्वतःच आखलेल्या सीमारेषा पुसट होतात. सर्व कथाप्रकार हे लुप्त दैवतकथांचे अवशेष आहेत, अशी धारणा तेथे प्रबळ होते आणि वेगळेपणाचा शोध एकाच मूळस्रोताच्या शोधात विलीन होतो. ग्रिम यांच्या विचारातील हा अंतर्विरोध होय. याकोब हयात असतानाच, १८५९ मध्ये, पंचतंत्राच्या अभ्यासातून थिओडोर बेनफाय यांनी कथांच्या भारतातून झालेल्या प्रवासाचा सिद्धान्त मांडला आणि वारशाच्या कल्पनेला आव्हान दिले.

१८३७ मध्ये हानोव्हरच्या राजाने राज्यघटना रद्द केली. त्याविरुद्ध निषेध नोंदविणाऱ्या ग्योटिंगेन विद्यापीठाच्या सात प्राध्यापकांत दोघे ग्रिम बंधू होते. सातही जण बडतर्फ झाले. याकोब यांच्यासह तिघांना तीन दिवसांत राज्य सोडावे लागले. १८४१ मध्ये बंधूंना बर्लिनमध्ये आश्रय मिळाला. तेथे जर्मन शब्दकोशाचे कार्य पुढे गेले आणि त्याचा पहिला खंड १८५४ मध्ये निघाला. १८५९ मध्ये विल्हेल्म निवर्तले. अविवाहित याकोब आयुष्यभर त्यांच्याच कुटुंबात राहिले होते. २० सप्टेंबर १८६३ रोजी याकोब यांचे निधन झाले, तेव्हा कोशाचे काम फळ या अर्थाच्या जर्मन शब्दापाशी आले होते. तो कोश १९६१ मध्ये पूर्ण झाला.

त्यांच्यानंतर आन्ती आर्ने यांनी १९१० मध्ये कथाप्रकारांची सूची केली. स्टिथ थॉम्प्सन यांनी १९२८ व १९६१ मध्ये आणि हान्स-यॉर्ग उथर यांनी २००४ मध्ये ती विस्तारली. या सूचींनी कथानकांना क्रमांक दिले. पण कथेची सत्यता, स्थळनिष्ठा आणि श्रोत्याची श्रद्धा हे १८१६ चे निकष त्यांमुळे निरुपयोगी झाले नाहीत. मराठीतील सामग्रीवर ते लावून पाहिले, की त्यांचे सामर्थ्य आणि मर्यादा दोन्ही स्पष्ट होतात. रायगडाच्या बुरुजाशी निगडित असलेली हिरकणीची कथा ही ग्रिम यांच्या अर्थाने निःसंशय दंतकथा होय. व्रताच्या कहाणीचे मात्र तसे नाही. तिचे आटपाट नगर अद्भुतकथेप्रमाणे कोठेच नसते; तरीही ती व्रताचे अंग म्हणून श्रद्धेने ऐकली जाते आणि तिच्या श्रवणाला फलश्रुती असते. अशा कथेपुढे प्रकारभेदाची रेषा थांबते. ती रेषा म्हणजे भिंत नसून अभ्यासाचे साधन आहे, हे ध्यानात ठेवणे म्हणूनच आवश्यक ठरते. ग्रिम यांनी हे साधन घडविले आणि एका मूळस्रोताच्या ओढीने पुढे ते स्वतःच बाजूला ठेवले. कथेच्या अभ्यासकाला त्यांच्या चरित्रातून या दोन्ही गोष्टी शिकण्यासारख्या आहेत.