ओपेनहायमर आणि राखेची माती

न्यू यॉर्कच्या खनिजशास्त्र मंडळात एक नवा सभासद निबंध वाचायला उभा राहिला, तेव्हा जमलेली मंडळी चकित झाली. पत्रव्यवहारावरून तो कोणी प्रौढ अभ्यासक असावा असा त्यांचा समज होता. समोर होता बारा वर्षांचा मुलगा. त्याचे नाव रॉबर्ट ओपेनहायमर. २२ एप्रिल १९०४ रोजी जन्मलेल्या या मुलाला जर्मनीतल्या आजोबांनी दगडांचा एक छोटा संग्रह भेट दिला होता आणि तेव्हापासून त्याला खनिजांचे वेड लागले होते. पुढे हेच ओपेनहायमर अणुबॉम्बचे जनक म्हणून जगाला माहीत झाले. मात्र ज्या मातीवर तो बॉम्ब तयार झाला, तिच्याविषयी फारसे बोलले जात नाही. त्या मातीशी ओपेनहायमर यांची पहिली ओळख करून दिली ती त्यांच्या आजारपणाने.

१९२१च्या उन्हाळ्यात कुटुंबाबरोबर युरोपात गेलेला हा तरुण खनिजे गोळा करण्यासाठी योआखिमस्टाल या जुन्या खाणगावी पोहोचला. मारी क्युरींनी ज्या खनिजातून रेडियम वेगळे केले, ते याच खाणींतले. तिथे रॉबर्टला जबर आमांश झाला. प्रतिजैविके अजून यायची होती. जीव वाचला, पण आतड्याचे दुखणे रेंगाळले आणि हार्वर्डमधला प्रवेश एक वर्ष पुढे गेला. त्या काळी अशा रोग्यांना आणि क्षयरोग्यांनाही कोरड्या, उंच डोंगराळ हवेत पाठवण्याची पद्धत होती. न्यू मेक्सिको राज्यात त्यासाठी आरोग्यधामे होती. १९२२च्या उन्हाळ्यात वडिलांनी मुलाला त्याच्या एका शिक्षकाबरोबर तिकडे धाडले.

शहरात वाढलेला हा अशक्त मुलगा तिथे घोड्यावर बसायला शिकला. डोंगरांतून लांब लांब रपेटी करू लागला, उघड्यावर झोपू लागला. तब्येत सुधारली. अशाच भटकंतीत रिओ ग्रांदे नदीच्या पश्चिमेचे पाहारितो पठार त्याच्या पाहण्यात आले. समुद्रसपाटीपासून सुमारे २,२०० मीटर उंचीवरच्या या पठारावर मुलांची एक निवासी शाळा होती, लॉस अलामोस नावाची. पठाराचा आकार हाताच्या पंजासारखा आहे. बोटांसारख्या लांब, सपाट माथ्याच्या डोंगरसोंडा आणि त्यांच्यामध्ये खोल, जंगलाने भरलेल्या घळी. अमेरिकेत त्यांना कॅन्यन म्हणतात.

हे पठार राखेचे आहे. पश्चिमेच्या हेमेझ पर्वतातल्या ज्वालामुखीचे सुमारे १६ लाख आणि साडेबारा लाख वर्षांपूर्वी दोन प्रचंड स्फोट झाले. त्यांत शांतपणे वाहणारा लाव्हा नव्हता. तापलेली राख, वायू आणि फेसाळ दगडांचे तुकडे यांचे लोटच्या लोट उतारावरून धावत आले आणि थरावर थर बसले. उष्णतेने आणि दाबाने ते थर जिथे चिकटले, तिथे टफ नावाचा मऊ खडक झाला. जिथे कमी चिकटले, तिथे राख आणि प्यूमिस सुटेच राहिले. प्यूमिस म्हणजे बुडबुड्यांसकट गोठलेला काचेसारखा दगड. टाचा घासायला वापरतात, तो हाच. तो इतका सच्छिद्र असतो की पाण्यावर तरंगतो.

अशा राखेची आणि प्यूमिसची माती वजनाला हलकी असते. तिच्या कणांमध्ये पोकळी असते आणि प्यूमिसच्या कणांच्या आतही असते. त्यामुळे पाणी तिच्यात चटकन शिरते आणि त्यातले बरेचसे बारीक छिद्रांत धरून राहते. वर्षाला जेमतेम ४५ सेंटीमीटर पाऊस-बर्फ पडणाऱ्या प्रदेशात हा गुण मोलाचा आहे. दोष असा की तिचे कण एकमेकांना घट्ट धरत नाहीत. कोरडी असताना ती वाऱ्यावर धुळीसारखी उडते, भिजली की चिखल होतो, आणि उतारावर झाडांची मुळे नसतील तर पहिल्याच जोरदार सरीबरोबर वाहून जाते. सोंडांच्या माथ्यावर ती बहुधा उथळ असते. वाहून आलेला गाळ घळींच्या तळाशी साचतो आणि तिथे उंच पाइन वृक्ष वाढतात. सावलीच्या, उत्तरेकडे तोंड असलेल्या उतारांवर दाट सूचिपर्णी जंगल असते, तर समोरच्या उन्हाच्या उतारावर खुरटी, विरळ झाडे.

या मातीचे गुण पहिल्यांदा ओळखले ते प्वेब्लो लोकांच्या पूर्वजांनी. साधारण ११५० ते १५५० या काळात ते या घळींत राहत होते. मऊ टफमध्ये त्यांनी खोल्या कोरल्या. प्यूमिसच्या जागा हेरून तिथे मका, घेवडा आणि भोपळा लावला. ओल टिकावी म्हणून शेतात प्यूमिस पसरण्याची युक्तीही त्यांना ठाऊक होती. जवळच्या एका घळीचे फ्रिहोलेस हे नावच स्पॅनिशमध्ये घेवड्याचे आहे.

ओपेनहायमर शिकून मोठे झाले, पण हा मुलूख त्यांनी सोडला नाही. १९२८मध्ये त्यांना क्षय असल्याची शंका आली, तेव्हा ते पुन्हा न्यू मेक्सिकोत आले. नदीपलीकडच्या डोंगरात त्यांनी एक लाकडी घर भाड्याने घेतले आणि वर्षानुवर्षे उन्हाळ्यात ते तिथे येत राहिले. बर्कलीत भौतिकशास्त्राचे प्राध्यापक असताना त्यांनी संस्कृत शिकून गीता मुळातून वाचली, हे भारतीय वाचकांना माहीत असतेच. भौतिकशास्त्र आणि न्यू मेक्सिको या आपल्या दोन प्रेमांना एकत्र आणता आले तर किती बरे, असे ते मित्रांना सांगत.

ती वेळ युद्धाने आणली. १६ नोव्हेंबर १९४२ रोजी ओपेनहायमर आणि जनरल ग्रोव्ह्ज गुप्त प्रयोगशाळेसाठी जागा पाहायला निघाले. आधी सुचवलेली हेमेझ स्प्रिंग्जची जागा अरुंद घळीत होती. ती दोघांनाही पसंत पडली नाही. मग ओपेनहायमर यांनी ग्रोव्ह्जना लॉस अलामोसची शाळा दाखवली. जागा तिथल्या तिथे ठरली. काही महिन्यांत शाळा बंद झाली आणि १९४३च्या मार्चमध्ये संचालक म्हणून ओपेनहायमर तिथे राहायला आले. ज्या हवेने त्यांना धडधाकट केले होते, त्याच हवेत आता त्यांची प्रकृती ढासळू लागली. कामाचा ताण आणि अखंड सिगारेट यांमुळे १९४५पर्यंत या उंच माणसाचे वजन ५२ किलोच्या आसपास आले.

पठारावर घाईघाईने हजारोंची वस्ती उभी राहिली. बुलडोझरनी उघडी केलेली राखेची माती उन्हाळ्यात धूळ आणि पावसाळ्यात घोट्यापर्यंत चिखल झाली. पाणी सतत अपुरे पडे. सांडपाण्याचा प्रश्न मात्र सोपा वाटला, कारण घळी हाताशी होत्या. प्लुटोनियमवर काम करणाऱ्या प्रयोगशाळांतले किरणोत्सारी द्रव कोणतीही प्रक्रिया न करता एका छोट्या घळीत सोडले जाऊ लागले. तिचे नावच पुढे अ‍ॅसिड कॅन्यन पडले. हे १९५१पर्यंत चालू राहिले. सुरुवातीच्या काळात संचालक होते ते ओपेनहायमर, बाराव्या वर्षी खनिजांवर निबंध वाचणारे. युद्ध जिंकण्याच्या घाईत घळीच्या मातीचे काय होईल, हा प्रश्न तिथे कोणाच्याच अग्रक्रमावर नव्हता.

मातीने प्लुटोनियमही धरून ठेवले. हा धातू पाण्यात फारसा विरघळून राहत नाही, बारीक गाळाच्या कणांना चिकटतो. म्हणून तो खोल भूजलात उतरण्याऐवजी बहुतांशी घळीच्या तळाच्या गाळात राहिला. प्लुटोनियम-२३९चा अर्धायुकाल सुमारे २४,१०० वर्षे आहे. त्याचे अल्फा किरण त्वचेतून आत जात नाहीत. पोटात गेले तर आतडे त्याचा अगदी थोडाच अंश शोषते. खरा धोका श्वासातून असतो. धुळीबरोबर फुप्फुसात गेलेले कण तिथे टिकतात, काही अंश रक्तावाटे हाडांत आणि यकृतात जाऊन बसतो, आणि वर्षानुवर्षांच्या माऱ्याने कर्करोगाची शक्यता वाढते. गाळ जागेवर आहे तोवर धोका कमी आणि गाळ हलला की प्रश्न सुरू, असे हे गणित आहे.

सगळेच पदार्थ असे चिकटून राहत नाहीत. १९५६ ते १९७२ या काळात वीजकेंद्राच्या शीतक मनोऱ्यांतले क्रोमियमयुक्त पाणी शेजारच्या एका घळीत सोडले गेले. ते पाण्याबरोबर राखेच्या थरांतून झिरपत शेकडो मीटर खाली गेले आणि २००५मध्ये भूजलात सापडले.

ऑक्टोबर १९४५मध्ये ओपेनहायमर यांनी लॉस अलामोस सोडले. त्याआधी १६ जुलैला दूरच्या वाळवंटात पहिली चाचणी झाली होती आणि ऑगस्टमध्ये हिरोशिमा-नागासाकी बेचिराख झाली होती. १९५४मध्ये चौकशीनंतर त्यांचा गोपनीय कामातला प्रवेश काढून घेण्यात आला. पुढे त्यांना घशाचा कर्करोग झाला. अणुबॉम्बशी जोडलेले नाव म्हणून किरणोत्साराकडे बोट दाखवण्याचा मोह होतो, पण हयातभर तोंडात सिगारेट आणि पाइप असलेल्या माणसाच्या घशाच्या कर्करोगाला इतके दूरचे कारण शोधावे लागत नाही. शस्त्रक्रिया झाली, किरणोपचारही झाले. १८ फेब्रुवारी १९६७ रोजी, वयाच्या ६२व्या वर्षी, प्रिन्स्टन येथे त्यांचे निधन झाले. त्यांच्या अस्थी कॅरिबियन समुद्रात सोडण्यात आल्या.

घळींतली गोष्ट तिथे संपली नाही. अ‍ॅसिड कॅन्यनची सफाई साठच्या दशकात झाली आणि २००१मध्ये पुन्हा करावी लागली. त्याआधी, मे २०००मध्ये, पठारावरचे जंगल वणव्यात जळाले. माती धरून ठेवणारी मुळे गेली, भाजलेली जमीन पाणी शोषेना, आणि पावसाचे लोंढे घळींतला गाळ खाली नेऊ लागले. खाली सॅन इल्डेफॉन्सो प्वेब्लो लोकांची जमीन आहे आणि त्यापुढे रिओ ग्रांदे नदी. ज्यांच्या पूर्वजांनी या मातीत मका पिकवला, त्यांच्याच उंबऱ्याशी हा गाळ येतो. म्हणून घळींत गाळ अडवणारे बांध घातले आहेत. दर पावसाळ्यात तिथले पाणी आणि माती तपासली जाते, आणि हे काम पुढच्या अनेक पिढ्यांना करत राहावे लागणार आहे.