सावित्रीबाईंना मूल नव्हते

आखाजीला जळगाव-धुळ्याकडच्या लेकी माहेरी येतात. निंबाला झोके बांधले जातात, गौराई बसते, मांडे होतात. लग्नाला तीन-चार वर्षे झालेल्या लेकीला त्या गर्दीत एक प्रश्न हमखास ऐकावा लागतो: काही बातमी? विचारणारी मावशी प्रेमानेच विचारते. तिला न्यायला आलेल्या जावयाला मात्र तो प्रश्न कोणी विचारत नाही.

एकोणिसाव्या शतकातल्या पुण्यात एका जोडप्याच्या घरीही हाच प्रश्न अनेक वर्षे फिरत होता. त्या घरातल्या बाईंचे नाव सावित्रीबाई फुले.

साताऱ्याकडच्या नायगावात खंडोजी नेवसे पाटलांच्या घरी ३ जानेवारी १८३१ रोजी त्यांचा जन्म झाला. १८४० साली लग्न झाले तेव्हा त्या नऊ वर्षांच्या होत्या आणि जोतिराव तेरा वर्षांचे. पुढची हकीकत शाळकरी मुलांनाही पाठ असते. जोतिरावांनी त्यांना शिकवले, १८४८ मध्ये भिडे वाड्यात मुलींची शाळा निघाली, लोकांनी अंगावर शेण-चिखल फेकला, १८४९ मध्ये सासऱ्यांच्या घरातून नवरा-बायको दोघांना बाहेर पडावे लागले. पाठ्यपुस्तकात सहसा नसते ती गोष्ट अशी, की या सगळ्या वर्षांत त्यांना मूल झाले नाही. विशी गेली, तिशी आली, तरी नाही.

त्या काळात याचा अर्थ एकच घेतला जाई. मूल नाही म्हणजे बाईत दोष, आणि उपाय म्हणजे नवऱ्याने दुसरी बायको करणे. कायद्याची आडकाठी नव्हती. मुंबई प्रांतात हिंदू पुरुषाच्या दुसऱ्या लग्नावर बंदी आली ती थेट १९४६ साली. जोतिरावांच्या चरित्रकारांनी नोंदवले आहे की नातेवाईकांनी त्यांच्यामागे दुसऱ्या लग्नाचा आग्रह धरला होता आणि त्यांनी तो साफ नाकारला. त्यांचा युक्तिवाद असा सांगितला जातो: मूल न होण्यात दोष पुरुषाचाही असू शकतो, मग तसे असेल तर बायकोला दुसरा नवरा करू देणार का? पुरुषाला दोन बायका चालत असतील तर बाईला दोन नवरे का नकोत, हा मुद्दा त्यांनी पुढे आपल्या शेवटच्या ग्रंथातही मांडला. वादात समोरच्याला निरुत्तर करण्यासाठी तो कामाचा होताच. पण वैद्यकशास्त्राच्या दृष्टीनेही तो बरोबर होता आणि ते कळायला जगाला अजून बराच वेळ होता.

त्या वेळी विज्ञानाला काय ठाऊक होते, ते पाहण्यासारखे आहे. पुरुषबीज सूक्ष्मदर्शकाखाली १६७७ मध्येच दिसले होते. सस्तन प्राण्यांच्या मादीचे बीज मात्र फोन बेअर या शास्त्रज्ञाने १८२७ साली दाखवले, म्हणजे जोतिरावांच्या जन्माच्याच वर्षी. दोन्ही बीजांचे मीलन कसे होते हे समुद्री साळूच्या अंड्यात १८७६ च्या सुमारास पाहिले गेले, तोवर सावित्रीबाई पंचेचाळिशीत पोचल्या होत्या. महिन्यातले कोणते दिवस गर्भधारणेला योग्य, याबाबत तर युरोपातले नामवंत डॉक्टरही चुकत होते. जनावरांसारखेच माणसातही पाळीच्या आसपास गर्भ राहतो, असा समज होता. खरा हिशेब १९२० च्या दशकात लागला. तेव्हा पुण्यातल्या या जोडप्याला कोणी वैद्य, डॉक्टर काही सांगू शकला असता अशी शक्यताच नव्हती. कारण शोधायची सोय नव्हती, म्हणून कारण बाईच्या नावावर लिहिले जात होते.

आज सोय आहे आणि तरीही पुष्कळ घरांत कारण बाईच्याच नावावर लिहिले जाते. एक वर्ष कोणतेही साधन न वापरता नियमित संबंध असूनही गर्भ राहिला नाही, तर त्याला वंध्यत्व म्हणतात. बाईचे वय पस्तीसच्या पुढे असेल तर सहा महिन्यांतच डॉक्टरांकडे जावे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२३ च्या अंदाजानुसार जगात सहापैकी एका व्यक्तीला आयुष्यात कधी ना कधी हा अनुभव येतो. साधारण निम्म्या जोडप्यांमध्ये पुरुषाकडचे कारण एकटे किंवा बाईकडच्या कारणाच्या जोडीने असते. असे असूनही घडते काय? सोनोग्राफी, रक्ताच्या तपासण्या, नळ्या तपासण्याचा एक्स-रे, कधी दुर्बिणीची तपासणी, इतके सगळे बाईचे होऊन जाते आणि नवऱ्याचे वीर्य तपासायचे राहून जाते. ही तपासणी सगळ्यांत स्वस्त, सगळ्यांत सोपी आणि काहीही न दुखणारी. दोन ते सात दिवसांचा खंड ठेवून नमुना द्यायचा असतो. एका मिलिलिटरमध्ये १ कोटी ६० लाख शुक्रजंतू ही सध्याची खालची मर्यादा धरली जाते, पण एका अहवालावरून घाबरायचे कारण नाही. शुक्रजंतू तयार व्हायला अडीच महिन्यांच्या आसपास लागतात, त्यामुळे आजारपण, ताप येऊन गेल्यावर आकडा खाली येतो आणि तीन महिन्यांनी पुन्हा तपासले की सुधारलेला दिसू शकतो.

खानदेशात एक गोष्ट जास्त लक्षात घ्यायला हवी. वृषणांना शरीरापेक्षा दोन-तीन अंश कमी तापमान लागते, म्हणून तर निसर्गाने ते शरीराबाहेर ठेवले. भट्टीपुढे उभे राहणारे, दिवसभर ट्रक चालवणारे, बॉयलरजवळ काम करणारे यांना या उष्णतेचा त्रास होऊ शकतो. विडी-सिगारेट आणि तंबाखूने शुक्रजंतूंची संख्या आणि हालचाल दोन्ही घटतात. व्यायामशाळेत दंड फुगवण्यासाठी टोचली जाणारी टेस्टोस्टेरॉनची इंजेक्शने तर शुक्रजंतू तयार होणेच थांबवतात. मर्दपणा वाढवायला घेतलेले औषध बाप होण्याच्या आड येते, हे बहुतेक पोरांना कोणी सांगतच नाही.

बाईच्या बाजूने बीज वेळेवर न सुटणे हे मोठे कारण. पीसीओएस असलेल्या आणि वजन जास्त असलेल्या बायकांत पाच ते दहा टक्के वजन उतरले तरी पाळी सुधारून बीज सुटू लागते, नाहीतर गोळ्या आहेत. दुसरे कारण गर्भनळ्या बंद असणे, आणि आपल्याकडे त्यामागे पुष्कळदा जननेंद्रियांचा क्षयरोग असतो. त्यात खोकला नसतो, ताप नसतो, म्हणून तो लपून राहतो. तपासण्यांनंतर पायऱ्या ठरतात: आधी योग्य दिवस आणि गोळ्या, मग वीर्य थेट गर्भाशयात सोडण्याची आययूआय, मग टेस्ट ट्यूब बेबी, आणि शुक्रजंतू फारच कमी असतील तर एकच शुक्रजंतू बीजात टोचण्याची इक्सी. मुंबईच्या केईएम रुग्णालयात ६ ऑगस्ट १९८६ रोजी टेस्ट ट्यूब बेबी जन्मली, त्याला आता चाळीस वर्षे होत आली. यश कशावर अवलंबून, तर मुख्यतः बाईच्या वयावर. शंभर टक्के खात्रीची पाटी लावणाऱ्यापासून दूर राहिलेले बरे. २०२१ च्या कायद्याने अशा प्रत्येक केंद्राची नोंदणी सक्तीची केली आहे. प्रमाणपत्र दाखवा म्हणायला लाजू नये. सातपुड्याच्या पट्ट्यातल्या जोडप्यांनी उपचाराआधी दोघांचीही सिकलसेल तपासणी करून घ्यावी.

सावित्रीबाईंपुढे यातले काहीच नव्हते. त्यांच्याकडे होती एक विचित्र, क्रूर विसंगती. ज्यांना मूल हवे त्यांना होत नव्हते, आणि ज्यांना झाले तर जीव गमवावा लागेल अशा विधवा त्यांच्या आसपासच्या घरांत गरोदर राहत होत्या.

काशीबाई नावाची एक ब्राह्मण विधवा जोतिरावांच्या मित्राच्या घरी स्वयंपाकाला होती. फसवणुकीतून तिला दिवस गेले. गर्भ पाडायचे सगळे प्रयत्न फसले, मूल जन्मले, आणि अब्रूच्या भीतीने तिने ते मारून विहिरीत टाकले. तिला काळ्या पाण्याची शिक्षा झाली, अंदमानला पाठवले. १८६३ साली फुले दांपत्याने आपल्याच घरात बालहत्या प्रतिबंधक गृह काढले. विधवांनी गुपचूप येऊन बाळंत व्हावे, मूल न्यावे किंवा ठेवून जावे, अशा जाहिराती भिंतींवर लावल्या. बाळंतपणे करायला, बाळंतिणींना सांभाळायला, मुलांची आंघोळ-दूध बघायला होत्या सावित्रीबाई. स्वतःची कूस उजवली नाही म्हणून टोमणे खाणारी बाई दुसऱ्यांची बाळंतपणे करत होती. त्या काळी अशा बाईला बारशाच्या पाळण्याजवळही उभे राहू देत नसत.

या घराचा हिशेब जोतिरावांनी १८८४ साली सरकारला कळवला. तोवर ३५ गरोदर विधवा तिथे बाळंत झाल्या होत्या. जन्मलेल्या मुलांपैकी जगली फक्त पाच. बाकीची का गेली, तेही त्यांनी लिहिले: आईने पोटातच गर्भ मारण्यासाठी घेतलेल्या विषारी औषधांमुळे. नुसते दयेचे काम करणारा माणूस एवढा आकडा सहसा देत नाही. हे गृह किती यशस्वी, असा गाजावाजा त्यात नाही. तीस मुले दगावली हे सरळ सांगितले आहे, कारणासकट. बाळंतपणाच्या नोंदी अशा प्रामाणिकपणे ठेवणे आजही सगळीकडे जमत नाही.

१८६८ मध्ये नायगावाहून जोतिरावांना लिहिलेल्या पत्रात सावित्रीबाईंनी आणखी एक प्रसंग कळवला. ब्राह्मण तरुण आणि महार समाजातली मुलगी यांचे प्रेम जुळले, मुलीला दिवस गेले, आणि गावकरी दोघांना मारायला निघाले. सावित्रीबाई धावत जाऊन मध्ये पडल्या, कायद्याचा धाक घातला आणि दोघांना जिवंत सोडवले.

१८७४ च्या सुमारास त्या घरात आलेल्या एका विधवेला मुलगा झाला. तिचे नावही काशीबाईच सांगितले जाते. अंदमानला गेलेली ती वेगळी आणि ही वेगळी. तिचा मुलगा सावित्रीबाई आणि जोतिरावांनी आपला मानला. नाव यशवंत. तेव्हा सावित्रीबाई त्रेचाळीस वर्षांच्या होत्या. दत्तक म्हणजे भावकीतला, आपल्या जातीतला, रीतसर होमहवन करून घेतलेला मुलगा, असा शिरस्ता होता. परजातीतल्या विधवेचे मूल माळ्याच्या घरात वारस म्हणून, हे भावकीला पचणे शक्य नव्हते. ते ओळखूनच जोतिरावांनी १८८७ मध्ये मृत्युपत्र नोंदवून यशवंतला वारस ठरवले.

आज दत्तकाला एवढा आटापिटा लागत नाही, पण परस्पर सौदाही चालत नाही. दवाखान्यातून किंवा ओळखीतून बाळ पदरात घालून घेणे हा गुन्हा आहे. नोंदणी केंद्रीय दत्तक संस्थेच्या, म्हणजे काराच्या संकेतस्थळावर करायची, मग घराची पाहणी होते, आणि शेवटचा आदेश जिल्हाधिकारी देतात. लग्नाला किमान दोन वर्षे झालेली असावी लागतात. एकट्या बाईलाही मूल दत्तक घेता येते. प्रतीक्षा लांब असते, म्हणून उपचार पूर्ण थकल्यावर विचार करू असे न म्हणता त्याची माहिती आधीच घेतलेली बरी. काही जोडपी उपचारच नको म्हणून थेट या वाटेने जातात. काहींना दोनच राहायचे असते, आणि तेही पुरेसे असते.

यशवंत डॉक्टर झाला. १८८८ मध्ये जोतिरावांना पक्षाघात झाला, उजवा हात गेला, तर डाव्या हाताने त्यांनी शेवटचा ग्रंथ लिहून काढला. १८८९ च्या फेब्रुवारीत यशवंतचे लग्न सत्यशोधक पद्धतीने झाले. २८ नोव्हेंबर १८९० रोजी जोतिराव गेले, आणि ज्याची भीती होती तेच अंत्ययात्रेत उपस्थित झाले: टिटवे कोणी धरायचे? जो धरेल तो वारस. भावकीने यशवंतला हरकत घेतली. तेव्हा सावित्रीबाईंनी स्वतः टिटवे हातात घेतले, अंत्ययात्रेपुढे चालल्या आणि चितेला अग्नी दिला. ज्या वादाचे मूळ त्यांच्या न झालेल्या मुलात शोधले जात होते, तो त्यांनी असा एका कृतीत मिटवला.

सात वर्षांनी पुण्यात प्लेग पसरला. त्याच जानेवारीत मुंबईत हाफकिन यांनी आपली लस स्वतःला टोचून घेतली होती, पण ती लोकांपर्यंत पोचायला वेळ होता. यशवंत लष्करात डॉक्टर होता. सावित्रीबाईंनी त्याला बोलावून घेतले आणि हडपसरजवळ ससाणे यांच्या मळ्यात दवाखाना सुरू करायला लावले. रोगी आणायचे काम त्यांनी स्वतःकडे घेतले. मुंढव्याच्या गायकवाड कुटुंबातला एक मुलगा प्लेगने तापला आहे असे कळल्यावर त्या तिथे गेल्या, त्याला पाठीवर घेतले आणि चालत मळ्यातल्या दवाखान्यात यशवंतकडे आणले. तो संसर्ग त्यांना लागला. १० मार्च १८९७ रोजी, वयाच्या सहासष्टाव्या वर्षी, त्या गेल्या.